मेम्फिसचं १३४०, माझ्या ओट्यावर

भाचीची रात्रपाळी संपते तेव्हा तिच्याकडे सकाळचे साडेसात झालेले असतात आणि माझ्याकडे संध्याकाळचे सहा. ती अमेरिकेत मेम्फिस शहरात एका इस्पितळात नर्स आहे. मी कोल्हापुरात शाहूपुरीत राहते, आणि मीही चौतीस वर्षं नर्सच होते. घरी पोहोचेपर्यंत डोळा लागू नये म्हणून ती गाडीतून मला फोन लावते. "सलाम आत्या, तू बोलत राहा," एवढंच म्हणते. मग मी बोलत राहते. चर्चच्या मंडळीत कोण आजारी आहे, पंचगंगेचं पाणी कुठवर चढलंय, पाळकांनी रविवारी कोणता उतारा घेतला, मटण काय भावानं मिळालं.

पाच वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी माझ्या बोलण्यामागून एका बाईचा आवाज यायला लागला.

"कोण गातंय गं?"

"रेडिओ आहे आत्या. थांब, बंद करते."

"बंद नको करू. तूच गप्प बस जरा."

गाडी पुलाखालून गेली की आवाज फाटायचा, खरखर व्हायची, मग पुन्हा जुळायचा. ती बाई एकच ओळ म्हणत होती. पण दर खेपेला ती ओळ थोडी पुढे सरकत होती, वॉर्डात जड पलंग दोघीतिघींनी मिळून ढकलावा तशी. मागे बाकीच्यांचा हात लागल्यासारखा आवाज. शब्द मला निम्मेही कळले नाहीत. भाची घरी पोहोचली तरी तिनं गाडी बंद केली नाही. गाणं संपल्यावर म्हणाली, "हे इथलं लोकल स्टेशन आहे. इथल्या बायका दिवसभर हेच लावतात."

तेव्हापासून मी हे स्टेशन ऐकते. गायनवृंदातल्या मुली विचारतात, मिरजेच्या मैत्रिणी विचारतात की काय ऐकतेस, कशी ऐकतेस. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हटलं.

स्टेशनचं नाव डब्ल्यूएलओके. तिकडच्या स्टेशनांना अशी नुसती अक्षरंच असतात. जागा १३४० किलोहर्ट्झ, एएमवर. एएम म्हणजे आपण ज्याला मीडियम वेव्ह म्हणायचो तेच. माझ्या वडिलांच्या मर्फीवर सांगली केंद्र १२५१ वर लागायचं, त्याच पट्ट्यावर जरासं पुढे. हा आकडा ऐकूनच मला घरचं काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं. काटा सांगलीवरून थोडा उजवीकडे सरकवला की तिथे मेम्फिस असणार, असं काहीतरी मनात आलं. तसं ते लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

या स्टेशनची ताकद १००० वॅट आहे. माझ्या घरातली इस्त्री तेवढीच वीज घेते. अमेरिकेत १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० आणि १४९० या सहा जागा लहान, गावापुरत्या स्टेशनांसाठी ठेवलेल्या आहेत. एकट्या १३४० वर देशभरात शंभराहून जास्त स्टेशनं आहेत, प्रत्येकाचं आपापलं गाव. दिवसा ती एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. सूर्य मावळला की वातावरणाचा वरचा थर मीडियम वेव्हच्या लहरी परत खाली टाकायला लागतो, आणि मग लांबलांबची स्टेशनं एकमेकांत मिसळतात. हिवाळ्यात भाची अंधार पडल्यावर कामाला निघते. शहराच्या वेशीपर्यंत गाणं स्वच्छ असतं, त्यापुढे कुठल्यातरी दुसऱ्याच गावचा माणूस त्यात बोलायला लागतो. म्हणजे हे स्टेशन मेम्फिससाठीच आहे. ते मुंबई केंद्रासारखं सगळ्यांना पुरणारं नाही, आणि तसा त्याचा हेतूही नाही.

मला त्यातलं हेच आवडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मोबाइलवर उपासनेची गाणी हवी तेवढी मिळतात. चार बटणं दाबली की जगातला उत्तमातला उत्तम क्वायर समोर. मीही ऐकते. पण ती गाणी कुणाच्याही घरची नसतात. इथे मात्र कळतं की निवेदिका समोरच्या लोकांना ओळखते. ती ज्यांच्याशी बोलते ते कामावर निघालेले आहेत, कुणी स्वयंपाकघरात आहे, कुणी आजाऱ्यापाशी बसलंय. त्यांच्या शहरातली मंडळी, त्यांच्या शहरातला पाऊस. मी त्यांच्यातली नाही. तरी दुसऱ्याच्या घरी भक्तीला गेल्यावर मागच्या सतरंजीवर जागा मिळावी, तशी मला तिथे जागा मिळते.

इतिहासही सांगायला हवा, कारण त्याशिवाय ही गाणी अर्धीच ऐकू येतात. मेम्फिस मिसिसिपी नदीच्या काठावर आहे. कापसाचा बाजार, आणि त्या कापसात राबलेले कृष्णवर्णीय लोक. १९४८ साली याच शहरात डब्ल्यूडीआयए नावाच्या स्टेशननं आपला कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी करायचं ठरवलं आणि नॅट विल्यम्स या कृष्णवर्णीय शिक्षकाला माइकसमोर बसवलं. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं स्टेशन. पण त्याचे मालक गोरे होते. मालकीही आपल्या लोकांची, असं मेम्फिसमध्ये पहिल्यांदा झालं ते १९७७ मध्ये, आर्ट गिलियम यांनी डब्ल्यूएलओके विकत घेतलं तेव्हा. आधी तिथे सोल संगीत असायचं, पुढे ते गॉस्पेलचं झालं.

गॉस्पेल म्हणजे आपली सुवार्ता. पण तिकडे तो गाण्याचाही प्रकार आहे, आणि त्याला रूप देणाऱ्यांत पहिलं नाव थॉमस डॉर्सी यांचं. पाळकाचा मुलगा, पण पोटासाठी ब्लूज, म्हणजे चर्चबाहेरचं संगीत, वाजवायचा. १९३२ च्या ऑगस्टमध्ये डॉर्सी शिकागोहून सेंट लुईसला सभेत गायला गेले होते. बायको नेटीचे दिवस भरलेले. तिथेच तार आली. नेटी बाळंतपणात गेली. बाळ जन्मलं, तेही गेलं. त्यानंतर त्यांनी 'प्रेशस लॉर्ड' लिहिलं.

मी अकरा वर्षं लेबर रूममध्ये काढली. कॉरिडॉरच्या टोकाला उभ्या असलेल्या नवऱ्याला जाऊन सांगायचं काम बहुतेक वेळा सिस्टरवरच येतं. एकदा राधानगरीकडचा एक माणूस हातात बाळंतविड्याची पिशवी घेऊन उभा होता. मी सांगितलं. त्यानं ऐकलं आणि पिशवी माझ्या हातात दिली, का दिली त्यालाही कळलं नसेल. डॉर्सींचं गाणं स्टेशनवर लागतं तेव्हा मला तो माणूस दिसतो. प्रभू, माझा हात धर, एवढंच त्या गाण्यात मागणं आहे. बायको परत दे म्हणून मागणं नाही.

आणि हे गाणं मेम्फिसचंही आहे. १९६८ मध्ये तिथल्या कचरा उचलणाऱ्या कामगारांचा संप चालू होता आणि मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी आले होते. ३ एप्रिलच्या रात्री, वादळी पावसात, ते मेसन टेंपल नावाच्या चर्चमध्ये शेवटचं बोलले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या गॅलरीत उभे राहून त्यांनी खाली उभ्या असलेल्या बेन ब्रँच या वादकाला सांगितलं की आज रात्री सभेत 'प्रेशस लॉर्ड' वाजव, छान वाजव. त्यानंतर काही क्षणांतच गोळी लागली. पुढे त्यांच्या अंत्यविधीला ते गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी गायलं. या महालियाबाई १९७१ मध्ये आपल्या देशातही आल्या होत्या. मुंबईतही गायल्या. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, मला काहीच कळलं नाही, याची आता फार हळहळ वाटते.

आवाजाबद्दल. मी दोन्ही तऱ्हेनं ऐकलं आहे, फोनवरच्या इंटरनेटवरून आणि भाचीच्या गाडीतल्या खऱ्या एएमवरून. इंटरनेटवर स्वच्छ येतं. ऑर्गनचा खालचा सूर छातीत लागतो. हा ऑर्गन बहुतेक हॅमंडचा असतो. १९३५ साली तो बाजारात आला तेव्हा पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चनी तो घेतला, जशी आपल्याकडे पायपेटी आली. पण एएमवर ऐकण्यात काही वेगळं आहे. एएमच्या रेडिओत वरचे बारीक सूर येतच नाहीत. झांजा मिटतात, तारा मिटतात, माणसाचा गळा तेवढा पुढे येतो. स्टेथोस्कोपमधून ऐकताना बाकीचा वॉर्ड बंद होऊन एकच ठोका उरतो, तसं. म्हणून अजूनही भाचीचा फोन आला की मी तिला म्हणते, दोन मिनिटं तुझा रेडिओ ऐकव. माझ्याकडे तेच गाणं लावता येत असलं तरी.

टाळीचं सांगते. आपण भजनी ठेक्यात बसलो की पहिल्या मात्रेवर टाळी पडते, समेवर. त्यांची टाळी दुसऱ्या आणि चौथ्यावर. मला पहिले दोन महिने ते जमेना. रविवारी पहाटे मटणाचं वाटण करताना, खोबरं भाजताना मी मोजत असे. एक, टाळी, तीन, टाळी. हात पुन्हा पुन्हा समेवर जायचा. एके दिवशी कणीक मळता मळता आपोआप जमलं, आणि तेव्हा कळलं की समेवर माणूस थांबतो, पण या टाळीनं पाऊल उचलतं. गाणारा खाली टेकायला लागला की मंडळी त्याला उचलते. आमच्या गायनवृंदातल्या मुलींना मी हे शिकवलं. त्यांना एका दिवसात जमलं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे स्टेशन कधी सोडणार नाही.

माझी आजी कोडोलीची. पन्हाळ्याच्या अलीकडे, वारणेकडच्या बाजूला. जुनी मिशनची वस्ती, जुनं देऊळ. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. आजीला वाचता येत नव्हतं, तिच्या पिढीतल्या बहुतेक बायकांना येत नव्हतं. पुस्तकं चारच, ती पुढच्या बाकावर. मग वडील मंडळीतला एक जण उभा राहून गीताची एक ओळ बोलायचा. नुसती बोलायचा, भरभर. आणि मग सगळ्या बायका ती ओळ उचलून गायच्या, इतकी सावकाश की एकेका अक्षरावर श्वास संपायचा. प्रत्येकीचा सूर थोडा वेगळा. कुणी वरून यायची, कुणी खालून, मध्ये कुठेतरी भेटायच्या. ओळ संपायच्या आत तो माणूस पुढची ओळ बोललेला असायचा. मी सुट्टीत जायचे तेव्हा आजीच्या पदराला धरून बसायचे, आणि ते गाणं बाकाच्या लाकडातून पायांत यायचं.

शहरातल्या गायनवृंदात आल्यावर मला शिकवलं गेलं की ते चुकीचं आहे. सूर एक हवा, लय एक हवी, चार आवाज चार ठिकाणी. आमच्या त्या वेळच्या मास्तरांनी कोडोलीच्या गाण्याला 'रडगाणं' म्हटलं होतं, सगळ्यांसमोर, आणि मी मान हलवली होती. पुढे मीच कुणाकुणाला सांगितलं की ओढू नका, ओढू नका. आजी गेली तेव्हा तिच्या मातीला आम्ही चार आवाजांत, अगदी नीट, पुस्तकाप्रमाणे गायलो. तिथल्या म्हाताऱ्या बायका गप्प उभ्या राहिल्या, कारण आमच्या लयीत त्यांना शिरताच आलं नाही. हे मला तेव्हा दिसलं होतं. मी काही केलं नाही.

तर हे स्टेशन लागल्याला वर्ष झालं असेल. रविवारची पहाट, इकडे साडेपाच, तिकडे शनिवारचे संध्याकाळचे सात. महाद्वाराकडून घंटा, थोड्या वेळानं अजान, खाली दूधवाल्याची सायकल. मी कांदा चिरत होते. कुठल्यातरी मंडळीच्या उपासनेचं रेकॉर्डिंग लागलं. एक म्हातारा माणूस भरभर एक ओळ बोलला. नुसती बोलला. आणि मग सगळी मंडळी ती ओळ घेऊन इतकी सावकाश उठली, इतकी ओढत, इतक्या वेगवेगळ्या सुरांतून, की मी सुरी खाली ठेवली. कोडोली होती ती. शब्द इंग्रजी होते एवढाच फरक.

संध्याकाळी भाचीला विचारलं. तिनं तिच्या वॉर्डातल्या एका वयस्क सहकारी बाईला विचारून सांगितलं. याला तिकडे लाइनिंग आउट म्हणतात, किंवा नुसतं 'डॉक्टर वॉट्स'. आयझॅक वॉट्स हा इंग्लंडचा गीतकार, १६७४ ते १७४८. त्याची गीतं भाषांतर होऊन आपल्याकडेही आली. पुस्तकं कमी आणि वाचणारे त्याहून कमी, म्हणून ओळ बोलून दाखवायची पद्धत आधी ब्रिटनमध्येच सुरू झाली. पुढे अमेरिकेत गुलामांना वाचायला शिकवणं दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत कायद्यानं गुन्हा होतं, तेव्हा त्यांनी ही पद्धत धरली आणि तिच्यात स्वतःचा गळा ओतला. आता त्यांची नातवंडं शिकलीसवरली आहेत, हातात पुस्तक आहे, मोबाइल आहे, तरी जुन्या मंडळ्यांतून ते असंच गातात. आणि त्यांच्या गावचं स्टेशन ते लोकांना ऐकवतं. कुणी त्याला रडगाणं म्हणत नाही.

मी त्या रात्री झोपले नाही. आजीची माफी मागायला आजी नाही, आणि मास्तरही आता नाहीत.

त्या पुढच्या महिन्यात मी कोडोलीला गेले. आजीच्या पिढीतलं कुणी नाही, पण त्यांच्या सुना आहेत, सत्तरीच्या पुढच्या. सहा जणींना तो जुना ढंग येत होता. आधी नाही म्हणाल्या. "आता कुठं ते, आता कीबोर्ड हाय की," असं. मग मी फोनवर हे स्टेशन नाही लावलं, भाचीनं गाडीत रेकॉर्ड करून पाठवलेला एक तुकडा होता तो लावला, खरखरीसकट. त्यातली थोरली दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "ही आपल्यातलीच हायत की." आणि ओळ बोलली.

त्यानंतर आमच्या गायनवृंदात मी हा विषय काढला. सोपं गेलं नाही. निम्म्यांना वाटलं मी मंडळीला मागे नेतेय. शेवटी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत एक गीत, एकच, तसं म्हणायचं ठरलं. कोडोलीच्या तिघी आल्या. मी ओळ बोलले. पहिल्या कडव्याला मंडळी गोंधळली. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवरून आवाज यायला लागले, कधी न गाणाऱ्या माणसांचे. पुस्तक नसलेल्यांचे, चष्मा विसरलेल्यांचे. आता दर उत्तम शुक्रवारी ते होतं.

तर असं हे स्टेशन. आता ऐकायचं कसं ते.

माझ्याकडे साधा स्मार्टफोन आहे आणि एक छोटा ब्लूटूथ स्पीकर, तो ओट्यावर चहासाखरेच्या डब्यांच्या मागे ठेवते म्हणजे भिंतीमुळे आवाज भरतो. जगभरची रेडिओ स्टेशनं एकत्र देणारी बरीच अ‍ॅप आहेत. मी आधी जे घेतलं होतं त्याचं नाव लिहीत नाही, पण ते प्रार्थनेच्या मधोमध जुगारासारख्या खेळाच्या जाहिराती लावायचं. एकदा घरात शेजारच्या काकी बसलेल्या असताना तसं झालं आणि मला फार वाईट वाटलं. ते काढून टाकलं. शक्य असेल तर स्टेशनच्या स्वतःच्या प्रसारणावरूनच ऐका. स्टेशनच्या जाहिराती असतात, पण त्या तिथल्या लोकांसाठीच्या, आणि मला त्याही ऐकाव्याशा वाटतात. नेट साधारण असलं तरी चालतं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की वायफाय जातं, मग मोबाइलच्या डेटावर ऐकते. तासभर ऐकलं तरी व्हिडिओ बघण्याच्या मानानं फार कमी खर्च होतो.

इंग्रजीची भीती बाळगू नका. गाण्यात ओळी पुन्हा पुन्हा येतात, चौथ्या खेपेला शब्द कळतो. प्रवचनाला मात्र वेळ लागतो. त्यांचे पाळक बोलता बोलता गायला लागतात, आपल्या कीर्तनकारांसारखे, आणि शेवटच्या दहा मिनिटांत शब्दापेक्षा सूरच जास्त असतो. मी पवित्र शास्त्र मराठीतलं शेजारी उघडून ठेवते. उताऱ्याचा अध्याय कळला की पुढचं जुळवता येतं.

नवी गाणीही लागतात, ड्रम आणि कीबोर्डची, आणि तरुण मुलांना तीच आधी ऐकवा. माझा जीव जुन्या चौकडींत आहे, चार पुरुष, वाद्य जवळजवळ नाहीच, एक जण अगदी खालून चालत असतो. मेम्फिसमधलेच एक पाळक होते, हर्बर्ट ब्रूस्टर. पाळकाचं काम करता करता गाणी लिहायचे. त्यांचं गाणं महालिया जॅक्सन यांनी १९४७ मध्ये रेकॉर्ड केलं आणि त्या एका रेकॉर्डनं त्या देशभर पोहोचल्या. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीत ख्रिस्त गायला, तसं हे. आपल्या मातीतलं घेऊन देवापुढे उभं राहायचं. मी मुलींना दोघांची नावं एकाच दमात सांगते.

पाचपैकी किती, असं मैत्रीण विचारते. पाच. सहा असते तर सहा दिले असते.

एक मात्र ऐकताना दर वेळी मनात येतं. आपल्याकडे असं स्टेशन निघू शकत नाही. मीडियम वेव्हवर आकाशवाणीशिवाय कुणी नाही, आणि खाजगी एफएमचा परवाना धार्मिक संस्थांना, मग ती कुठल्याही धर्माची असो, मिळत नाही. त्यामागचं कारण मला कळतं, आणि आपल्या देशाचं बघता पटतंही. पण मग कोडोलीच्या सहा जणींचा आवाज जायचा कुठे? लहानपणी नाताळच्या आधी आमचा गायनवृंद सांगली आकाशवाणीला रेकॉर्डिंगला जायचा. सगळ्या जणी इस्त्रीच्या पांढऱ्या साड्यांत, एसटीनं. कार्यक्रम लागायचा त्या दिवशी वडील रेडिओ खिडकीत ठेवायचे आणि आवाज मोठा करायचे, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल. वर्षातला तो एक अर्धा तास. मेम्फिसच्या बायकांना तो रोज मिळतो. मला त्यांचा हेवा नाही वाटत, पण त्या अर्ध्या तासाची आठवण होते. म्हणून कोडोलीचं रेकॉर्डिंग मी आता पद्धतशीर करते आहे, गीत क्रमांक लिहून, कोण गातंय ते लिहून. अकरा गीतं झाली. भाचीनं त्यातलं एक त्या वयस्क सहकारी बाईंना जेवणाच्या सुट्टीत ऐकवलं. त्या रडल्या म्हणे, आणि मग त्यांनी विचारलं की ओळ बोलणारी बाई कोण.

वेळेचं नीट लक्षात ठेवा, नाहीतर चुकामूक होते. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. म्हणजे उन्हाळ्यात ते आपल्या साडेदहा तास मागे, हिवाळ्यात साडेअकरा. त्यांची रविवार सकाळ ऐकायची असेल तर रविवारी संध्याकाळी साडेपाचपासून लावा, नोव्हेंबरनंतर साडेसहापासून. शनिवार संध्याकाळ ऐकायची तर आपली रविवारची पहाट. मी कॅलेंडरवर दोन्ही रविवारांना लाल पेनानं खूण केली आहे. परवा भाचीचा फोन सहाला आला नाही आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. सातला आला. "आत्या, घड्याळ बदललं की आमचं," म्हणाली, आणि मागे तीच बाई गात होती.